अण्णा लॅपटॉप बघतायत

ज्यांना विचारल्याशिवाय सोसायटीत कुणी गीझरसुद्धा घेत नाही, असे एक गृहस्थ पुण्यात दर सोसायटीत असतात. आमच्याकडे हे खातं अण्णांकडे आहे. गीझर, मिक्सर, इन्व्हर्टर ही त्यांच्या दृष्टीने फुटकळ प्रकरणं; ती ते लिफ्टची वाट बघता बघता निकालात काढतात. त्यांच्या खऱ्या अभ्यासाचा विषय एकच, फोटो एडिटिंगसाठी घ्यायचा लॅपटॉप. संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन ‘अण्णा आहेत का?’ विचारलं, की वहिनी आतल्या खोलीकडे मान वळवून म्हणतात, ‘आहेत ना. लॅपटॉप बघतायत.’ या वाक्यात आता तक्रार उरलेली नाही. नुसती माहिती असते.

अण्णा बँकेतून निवृत्त झाले. शेवटची बरीच वर्षं कर्जमंजुरीच्या टेबलावर गेली, त्यामुळे कुठल्याही गोष्टीला पहिल्या फटक्यात ‘हो’ म्हणणं त्यांच्या अंगातच नाही. कॅमेरा मुलीने भेट दिला म्हणून घरात आला; एरवी अजून त्याच्या सेन्सरची चौकशी चालू असती. पण कॅमेरा हातात पडला आणि अण्णा सुटले. पहाटे उठून भिगवणला रोहित पक्षी, कवडीपाटला चक्रवाक, सप्टेंबरात कासचं पठार, पावसाच्या तोंडावर राजमाचीचे काजवे, वारीत दिवे घाटाच्या वळणावर कठड्याला टेकून माउलींची पालखी. आणि सगळं रॉमध्ये.

जेपेगमध्ये फोटो काढणाऱ्यांची अण्णांना मनापासून कीव येते. ‘जेपेगमध्ये एका रंगाच्या २५६ पायऱ्या. चौदा बिटांच्या रॉमध्ये १६,३८४. कॅमेऱ्याने तुमच्या परस्पर किती फेकून दिलं, कळतंय का?’ हे त्यांनी मला जिन्यात ऐकवलंय, दूधवाल्यालाही ऐकवलंय. दूधवाला समंजस. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मागच्या महिन्याचे राहिलेले सुटे मागितले. ‘जेपेग म्हणजे हॉटेलातली तयार भाजी,’ अण्णा समजावून सांगतात, ‘आणि रॉ म्हणजे मंडईतून आणलेली. तिखट-मीठ आपल्या हातात.’ त्यावर स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, ‘मग आणल्यापासून ती भाजी पिशवीतच आहे की हो!’

वहिनी काही खोटं बोलत नाहीत. अण्णांच्या कपाटात एफडीच्या पावत्यांच्या शेजारी हार्ड डिस्कची चवड आहे. प्रत्येकीवर कागदी पट्टी, पट्टीवर बँकेतलं वळणदार अक्षर: ‘भिगवण – मूळ’, ‘वारी – मूळ’, ‘संकीर्ण – मूळ’. ‘तयार’ असं लिहिलेली डिस्क अजून व्हायची आहे. कारण फोटो तयार करायचे तर आधी नीट लॅपटॉप हवा, आणि नीट म्हणजे कसा हे ठरल्याशिवाय तो घ्यायचा तरी कसा?

सध्याचा लॅपटॉप २०१७ चा. सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम, आणि पडदा असा की आपली मान दोन बोटं खालीवर झाली की नारिंगी चक्रवाक विटकरी होतो. लाइटरूम उघडायला लावून अण्णा अंघोळीला जातात. २०२३ च्या एप्रिलमध्ये लाइटरूममध्ये एआय वापरून नॉइज काढायची सोय आली. कामाला लागण्याआधी ते यंत्र किती वेळ लागेल याचा अंदाज सांगतं. अण्णांनी एक चक्रवाक निवडला, बटण दाबलं, अंदाज वाचला आणि आत विचारलं, ‘जेवायला अवकाश आहे ना अजून?’ जेवणं झाली, वामकुक्षी झाली, तेव्हा पक्ष्याची मान स्वच्छ झाली होती. पंख व्हायचे होते.

त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या बाबतीत हात वर केले आणि विंडोज ११ ला साधारण आठव्या पिढीच्या आधीचा इंटेल प्रोसेसर चालत नाही. म्हणजे अण्णांचं यंत्र एका पिढीने हुकलं. ‘कटऑफ डेट,’ अण्णा सुस्कारा टाकून म्हणाले. पेन्शनीच्या बाबतीतही त्यांचं असंच काहीतरी झालेलं आहे, तो विषय मी काढत नाही.

मग घोडं अडलंय कुठे? पैशापाशी नाही, हे मी ठामपणे सांगतो. त्यासाठीची एफडी दोनदा मुदत संपून दोनदा नव्याने ठेवली गेली आहे. घोडं अडलंय काळापाशी. लॅपटॉप घेण्याची योग्य वेळ आजपासून सहा महिन्यांनी असते, असा अण्णांचा सिद्धांत आहे, आणि दर सहा महिन्यांनी तो खरा ठरतो.

२०२० च्या नोव्हेंबरात ॲपलने स्वतःची एम-वन चिप आणली. जग थक्क झालं, अण्णा सावध झाले. ‘पहिली खेप कधी घेऊ नये.’ पुढल्या ऑक्टोबरात मोठ्या मॅकबुक प्रोला एसडी कार्डाची खाच परत आली. ही खाच कंपनीने २०१६ साली काढून टाकली होती आणि अण्णांनी तो अपमान जपून ठेवला होता. ‘पाच वर्षांनी चूक सुधारली,’ ते म्हणाले, ‘पण दंड आपल्याकडून वसूल करतायत.’ किंमत दोन लाखांच्या घरात होती. मग २०२२ ला एम-टू आली, आणि महिन्याभरात बातमी फुटली की २५६ जीबीच्या मॅकबुक एअरमध्ये स्टोरेजला दोनऐवजी एकच चिप बसवल्यामुळे वेग आधीच्यापेक्षा उतरलाय. त्या दिवशी अण्णांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते लॅपटॉप घेऊन कुणाच्याही चेहऱ्यावर येणार नाही.

एकदा मात्र अगदी हातातोंडाशी आलं होतं. ३ ऑगस्ट २०२३ ला केंद्र सरकारने लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याची अट घातली. आता भाव कडाडणार, माल मिळणार नाही, असं सगळीकडे झालं. अण्णांनी त्या रात्री जेवताना जाहीर केलं, ‘उद्या सकाळी.’ वहिनींनी एफडीची पावती काढून देवापुढे ठेवली. दुसऱ्या दिवशी सरकारने अटीला ३१ ऑक्टोबरपर्यंत मुदतवाढ दिली. अण्णांनीही दिली.

डिसेंबरात इंटेलने वर्षानुवर्षांच्या आय-फाइव्ह, आय-सेव्हनच्या पाट्या उतरवून ‘कोअर अल्ट्रा’ अशी नवी पाटी लावली, त्यामुळे अण्णांच्या एक्सेल शीटचा एक आख्खा रकाना पुन्हा भरावा लागला. २०२४ च्या ऑक्टोबरात ॲपलने एअरची मूळ रॅम आठवरून सोळा केली, तीही किंमत न वाढवता. अण्णा शीट छापून घेऊन माझ्याकडे आले. ‘बघा! थांबलो म्हणून! आठ जीबी वाया गेले असते.’ म्हटलं, ‘मग आता घ्या.’ माझ्या बुद्धीची त्यांना मनापासून काळजी वाटली असावी. ‘आता? आता मार्चमध्ये एम-फोर येईल ना!’ मार्च आला, एम-फोरही आला. हल्ली ते म्हणतात, एआयवाल्यांनी जगातली सगळी रॅम उचलून नेलीय, जरा भाव उतरू देत.

मुहूर्तांचं वेगळं सांगायला नको. साडेतीन मुहूर्त आपले, बाकीचे ऑनलाइन कंपन्यांचे. सेल कधी ऐन पितृपक्षात येतो, तर कधी दसऱ्यानंतर, आणि ज्या बँकेच्या कार्डावर दहा टक्के सूट असते त्या बँकेत अण्णांचं खातं नसतं. आयुष्य ज्या बँकेत घालवलं तिच्या कार्डावर अजून एकाही सेलमध्ये काही मिळालेलं नाही, हे शल्य वेगळंच.

ती एक्सेल शीट एकदा बघण्यासारखी आहे. किती रकाने आहेत ते मोजायचं धाडस मी केलं नाही. प्रोसेसर, पडदा, वजन, पंख्याचा आवाज, चार्जरचं वजन (हे कंपन्या लपवतात, असं अण्णांचं म्हणणं), एनव्हीएमई एसएसडीची जागा एक की दोन, सर्व्हिस सेंटर रिक्षाने किती अंतरावर. अण्णांना नावाने कुणी फसवू शकत नाही. रायझन ७७३०यू असं दिसलं की ते हसतात. ‘पहिला सात नुसता वर्षाचा. तिसरा आकडा बघा. तीन. म्हणजे आत जुनं झेन-थ्री.’ तीच गोष्ट ग्राफिक्स कार्डाची. आरटीएक्स ४०६० हे एकच नाव. एका लॅपटॉपमध्ये ते ३५ वॉटवर चालतं, दुसऱ्यात ११५ वर. ‘हुद्दा सारखा, पगार वेगळा. आमच्या वेळी युनियनने हे चालू दिलं नसतं.’ शेवटचा रकाना ‘शेरा’. वरपासून खालपर्यंत त्यात एकच शब्द आहे: ‘प्रलंबित’.

भाचा न्यू जर्सीला असतो. अमेरिकेतून येणारा नातेवाईक ही लॅपटॉप बघणाऱ्यांची राखीव फौज. ‘तिकडे स्वस्त असेल का हो?’ हा प्रश्न एकदा तरी पडतोच. अण्णांनी मात्र तो प्रश्न शास्त्रशुद्ध रीतीने हाताळला. अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप सीमाशुल्काशिवाय आणता येतो, हे त्यांनी नियम काढून वाचलं. न्यू जर्सीत विक्रीकर ६.६२५ टक्के, आणि शेजारच्या डेलावेअरमध्ये शून्य, हेही शोधून काढलं. मग भाच्याला व्हिडिओ कॉल लावला. ‘अरे, तुमच्याकडून तो पूल ओलांडला की डेलावेअर. तिथून घे.’ भाचा म्हणाला, ‘मामा, मी राहतो तिथून दीड-दोन तास लागतात. शिवाय पुलाला टोल आहे.’ ‘टोल किती?’ अण्णांनी पेन उघडलं. वहिनींनी मागून विचारलं, ‘अरे, स्वेटर आवडला का?’ आणि संभाषण माणसांत आलं. पुढे आंतरराष्ट्रीय वॉरंटीच्या एका कलमावर ते प्रकरण निजलं. भाचा आला तेव्हा बदाम घेऊन आला.

इथवर वाचून अण्णा म्हणजे उंटावरचे शहाणे असं कुणाला वाटेल, म्हणून सांगतो: पडद्याच्या बाबतीत अण्णांचं शंभर टक्के बरोबर आहे. लॅपटॉपच्या खोक्यावर प्रोसेसरचं नाव ठळक, रॅम ठळक, एआय तर अलीकडे सोनेरी अक्षरात. पण पडदा किती रंग दाखवतो, हे बहुतेक वेळा कुठेच नसतं. आणि फोटोवर काम करणाऱ्याला आधी तेच लागतं. स्वस्तातल्या पुष्कळ लॅपटॉपना ‘४५ टक्के एनटीएससी’ जातीचा पडदा असतो. एनटीएससी हे अमेरिकेच्या रंगीत टीव्हीचं १९५३ सालचं माप. एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ साली आणलेलं एसआरजीबी हे माप घेतलं, जे आज फोन आणि बहुतेक फोटो लॅब धरून चालतात, तर असा पडदा त्यातले जेमतेम साठ-पासष्ट टक्के रंग दाखवतो. म्हणजे लाल आहे तितका लाल दिसतच नाही. मग माणूस तो वाढवत बसतो, आणि फोटो फोनवर उघडला की नवरीचा शालू पेटतो. दुसऱ्या टोकाला भडक ओएलईडी पडदे. त्यांवर, रंगांचा हिशेब न ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, भिगवणचे रोहित गुलाबी न राहता होळी खेळून आल्यासारखे दिसतात. हे सगळं मला अण्णांनीच शिकवलं.

त्यामुळे पडदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय काही खरं नाही, हेही ओघाने आलं. दुकानात जाताना अण्णा पेनड्राइव्ह नेतात. त्यात ठरावीक फोटो: आईचा एक जुना, कातडीचा रंग कळायला, भाचीच्या हळदीचा, कारण ‘फालतू पडद्यावर हळद हिरवट मारते’, आणि वहिनींच्या पैठणीचा. एका शनिवारी मी बरोबर गेलो होतो. अण्णांच्या खांद्याला कापडी पिशवी होती. मला वाटलं, येताना भाजी घ्यायची असेल.

मोठं, वातानुकूलित दुकान. ओळीने लॅपटॉप उघडून ठेवलेले, प्रत्येकाच्या पोटाला चोर पकडणारी वायर चिकटवलेली. कंपनीचा टी-शर्ट घातलेला मुलगा पुढे आला. ‘सर, यात कलर एकदम भारी येतात.’ ‘भारी नकोत. खरे हवेत,’ अण्णा म्हणाले, आणि पिशवीत हात घालून त्यांनी मलमलीत गुंडाळलेली वहिनींची पैठणी बाहेर काढली.

मुलाने आधी पैठणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी किमतीची पाटी वाचत होतो. अण्णांनी पदराचा मोर शोधून घडी बरोबर पडद्याच्या कडेला धरली, पडद्यावर त्याच मोराचा फोटो मोठा केला, आणि चष्मा कपाळावर चढवून एकदा हा मोर, एकदा तो मोर असं सुरू केलं. ‘या ट्यूबांनी घोळ होतोय. पांढरा उजेड निळसर आहे. ही ट्यूब जरा बंद करता का?’ ‘सर, सगळी लाइन एकच आहे.’ ‘मग दारापाशी उजेडात बघू या,’ असं म्हणून अण्णांनी लॅपटॉप उचलला.

ती वायर बऱ्यापैकी लांब होती, पण दारापर्यंत नव्हती. भोंगा वाजला. वॉशिंग मशीन बघणारी एक बाई किंचाळली, तळघरातून मॅनेजर वर आला, आणि दारावरच्या सुरक्षारक्षकाने एका हातात लॅपटॉप आणि दुसऱ्या हातात पैठणी अशा अवस्थेतल्या ज्येष्ठ नागरिकाला नेमकं काय म्हणायचं, याचा विचार करत वाट अडवली. पण खरी गंमत नंतर झाली. मॅनेजर भला निघाला. त्याने सगळं ऐकून घेतलं, वायर सोडवली आणि स्वतः लॅपटॉप दारापाशी धरला. बाहेर लख्ख ऊन. पैठणी झळाळून उठली. पडद्याचा उजेड बेताचा. त्यात अण्णांचा, माझा आणि मॅनेजरचा चेहरा मात्र स्वच्छ दिसत होता.

घरी आल्यावर वहिनींनी पैठणी तपासून परत घडी घातली आणि विचारलं, ‘हिचा रंग कशाला जुळवायला नेली होतीत? धूपछाव आहे ती. उभा धागा निळा, आडवा हिरवा. हलवली की रंग पालटतो. येवल्यात त्याचेच तर जास्तीचे पैसे मोजले.’ अण्णा काही बोलले नाहीत. रात्री शीटमध्ये तळाशी एक नोंद वाढली: ‘पैठणी – प्रमाण म्हणून बाद. पर्याय शोधणे.’

पर्याय लगेच आला. पडद्याला चिकटवून त्याचे रंग मोजायचं यंत्र मिळतं, ते अण्णांनी मागवलं. त्यात त्यांनी एक दिवसही घालवला नाही, याची मी मुद्दाम नोंद घेतली. घरचा पडदा मोजून झाल्यावर ते सोसायटीत फिरले. कुणाच्याही घरी ते यंत्र घेऊन जायचे, पडद्याला डकवायचे, रंग झरझर पालटायचे, आणि शेवटी एक आकडा यायचा. हा आकडा, डेल्टा ई, दोनच्या खाली असला की उत्तम. रंगातला फरक डोळ्याला कळत नाही. आमच्या लॅपटॉपचा निकाल त्यांनी मला सांगितलाच नाही. खांद्यावर हात ठेवून ‘कामापुरता आहे’ म्हणाले. आकडा पुढे बायकोकडून कळला, तिला वहिनींनी सांगितला होता.

या सगळ्यात एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे अण्णांच्या सल्ल्याने लॅपटॉप घेतलेली माणसं मजेत आहेत. तिसऱ्या मजल्यावरची आर्किटेक्चरची मुलगी, वॉचमनचा बारावीतला मुलगा, लग्नाच्या पत्रिका डिझाइन करणाऱ्या जोशीकाकू. त्यांना अण्णांनी कधी थांबायला सांगितलं नाही. बजेट विचारलं, काम विचारलं, आणि चहा संपायच्या आत उत्तर दिलं: ‘रॅम सोळा. पडदा आयपीएस, शंभर टक्के एसआरजीबी लिहिलेलं असेल तरच. एसएसडी ५१२, बाकी बाहेरच्या डिस्कवर ठेवा. रॅम पुढे वाढवता येते का ते विचारून घ्या, हल्ली पुष्कळदा बोर्डावर सोल्डर करूनच येते. उरलेले पैसे प्रोसेसरवर उडवू नका. संपलं.’ दुसऱ्याच्या लॅपटॉपला वर्तमानकाळ चालतो. स्वतःच्या लॅपटॉपला भविष्यकाळच लागतो. मला वाटतं, दुसऱ्याने लॅपटॉप घेतला की त्याचे फोटो त्याला एडिट करावे लागतात. अण्णांनी घेतला, तर चक्रवाक, काजवे आणि वारी अशी सगळी मंडळी दुसऱ्या दिवशी सकाळी समोर येऊन उभी राहणार आणि त्यातले बरे किती हे कळणार. कर्ज मंजूर करताना न डगमगणारा माणूस इथे कचरतो, यात मला तरी नवल वाटत नाही.

टिळक रस्त्याकडच्या एका छोट्या दुकानात आता अण्णांची शनिवारची बैठक असते. दुकानदाराने त्यांना काही विकायचा नाद सोडलेला आहे. उलट गिऱ्हाईक जरा अडलं, की तो चहा सांगतो आणि म्हणतो, ‘काका, यांना जरा पडद्याचं सांगा.’

परवाच्या शनिवारी बारामतीकडचा एक लग्नाचा फोटोग्राफर आला होता. तिशीतला, बाहेर मोटरसायकलला कॅमेऱ्याची बॅग अडकवलेली. जुना लॅपटॉप दाखवायला आणला होता. बिजागरी तुटलेली, पडदा मागे पाण्याची बाटली लावून उभा करायचा.

‘याच्यावर काय काय करता?’ अण्णांनी विचारलं.

‘सगळंच की. एका लग्नाचे अडीच-तीन हजार फोटो. त्यातले निवडायचे, रंग लावायचे, चाळीस पानी करिझ्मा अल्बम लावायचा, सोमवारी लॅबला पाठवायचा. सीझनला रात्रीच करतो. दिवसा आउटडोअर असतं.’

‘आणि रंग? हा पडदा तर,’ अण्णांनी बाटली हलू न देता वाकून पाहिलं, ‘पंचेचाळीस टक्केवाला आहे.’

‘असंल. पडद्यावर नवरी जरा पिवळी दिसली पाहिजे, मग छापून बरोबर येती. लाल एक घर कमी ठेवायचा. अंदाज आलाय आता. शेवटी लॅबवाला मशीनवर काय छापतो ते खरं, काका.’

अण्णांनी खिशातून डायरी काढली, उघडली आणि तशीच हातात धरली. ‘पण डेल्टा ई किती येतो, कधी मोजलंत?’

‘आजवर एकाही नवरीच्या आईने विचारलं नाही. दागिने नीट दिसतायत का आणि मामांचा फोटो मोठा घेतलाय का, एवढंच विचारतात.’

दुकानदार हसला. अण्णा हसले नाहीत. त्यांनी त्या मुलाकडे जरा वेळ बघितलं, मग ताडकन उठले, रॅकवरून एक खोकं खाली घेतलं, त्याच्या बगलेवरची बारीक अक्षरं चष्म्याशिवाय वाचली आणि सांगितलं, ‘हा. कार्डाची खाच आहे, पडदा चांगला आहे, रॅमला एक जागा मोकळी आहे. मागच्या आठवड्यात यांच्या डेमोवर मी मोजलाय. दुसरं काही बघू नका.’ दुकानदाराला म्हणाले, ‘याला पुढची रॅम घातलीत तर मजुरी लावू नका.’ पोराने भाव विचारला, एकदा घासाघीस केली, दुकानदाराने माउस फुकट दिला, निम्मे पैसे रोख आणि निम्मे यूपीआयने गेले. स्पीकरने रक्कम ओरडून सांगितली. अण्णांच्या चहावर अजून साय धरली नव्हती.

‘काका, तुम्ही कोणता वापरता?’ खोकं पिशवीत घालता घालता त्याने विचारलं.

‘मी? माझं जरा वेगळं आहे,’ अण्णा म्हणाले.

तो गेला. मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. अण्णांनी कप उचलला, एक घोट घेतला, आणि एकाएकी कप इतक्या जोरात खाली ठेवला की बशीत चहा सांडला. ‘अहो, जानेवारीत नवी चिप येतेय! सांगायचंच राहिलं त्याला!’ आणि मी त्यांना धरायच्या आत ते पायऱ्या उतरून रस्त्यावर गेले होते. सिग्नलपाशी ती मोटरसायकल दिसत होती. एका हातात डायरी, दुसरा हात वर, रिक्षांच्या मधून वाट काढत आमचे अण्णा तिच्या मागे धावत होते आणि ओरडत होते, ‘अहो बारामती! थांबा! घरी जाऊन सील फोडू नका!’